बनाबाई स्मृतिवन

४ मार्च २०२४

ऋषी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते शेवटी बघीन, उरले तर.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस आणि फोनही लागत नाही. ईमेलचं तुझ्या लक्षात राहिलेलं दिसत नाही, म्हणून हे इथं लिहितेय.

तुझ्या व्हिडिओखाली मी लिहिलं होतं काय, तर एक अक्षर. "शी." तेवढ्यासाठी सख्ख्या बहिणीला दार लावून घेतलंस. त्या व्हिडिओत ड्रोन आपल्या माळावरून फिरतो, मागं बासरी वाजते आणि एक बाई लाडिक आवाजात सांगते की, कॅनडास्थित उद्योजक ऋषिराज यांनी मातोश्री कै. बनाबाई यांच्या स्मरणार्थ ओसाड माळरानावर वन फुलवायचा संकल्प केलाय. ओसाड म्हणे! आईनं उभा जन्म त्या माळावर शेरडं चारली. तू तिच्या मागनं रडत यायचास, पायमोज्यात कुसळं घुसायची, ती बाभळीखाली बसून एकेक काढायची. ओसाड जागेत एवढं गवत कुठनं आलं होतं, हे त्या बासरीवाल्या बाईला कुणी विचारलं नाही.

असो. काम वेगळं आहे आणि घाईचं आहे.

तुझा दोस्त अजित आणि त्याचं ते प्रतिष्ठान, यांनी परवापासून माळावर दोन जेसीबी घातलेत. आईचं वर्षश्राद्ध दहा तारखेला आहे, आणि निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल, तिच्या आत कार्यक्रम उरकायचाय. म्हणून ऐन मार्चमध्ये झाडं! गावाला प्यायला टँकर येतोय, ऋषी. विहिरींनी तळ दाखवलाय. माझ्या रोपवाटिकेत मी मिरचीची रोपं घागरीनं जगवतेय. आणि झाडांना पाणी घालायला म्हणून वेगळा टँकर ठरलाय, त्याच्यावर आईचा फोटो लावलाय.

अजित माझ्याकडं रोपं मागायला आला होता. ग्लिरिसिडिया, गुलमोहर, सुबाभूळ. मी म्हटलं, माझ्याकडं वांगी-टोमॅटो मिळतात, आणि असती तरी दिली नसती. तर हसला. "अक्का, कुसळाचा माळ हाय. त्याला काय जपायचंय? झाडं आली तर ऑक्सिजन तरी यील."

मी त्याला ओघळीचं सांगितलं. आता तुला सांगते. माळाच्या उत्तरेला, गायरानाची हद्द संपते तिथं जी मोठी ओघळ आहे, तिच्या काठात लांडग्यांचं बीळ आहे. यंदा पिल्लं आहेत. मी स्वतः बघितली, सकाळी गवत आणायला गेले तेव्हा. चार होती. बाहेर उन्हात एकमेकांच्या अंगावर पडत होती. मादी वर कडेला बसलेली, माझ्याकडं बघत. मी मागच्या पावली फिरले. आईसुद्धा तेच करायची.

"लांडगं?" अजित म्हणाला. "मग तर बरंच की. झाडं लावली की जात्याल."

पैसे तुझे आहेत, म्हणजे शब्द तुझा चालतो. ओघळीची बाजू सोडा, एवढं एक त्याला फोन करून सांग. बाकीचं आपण नंतर भांडू.

सुकन्या


१२ मार्च २०२४

ऋषी,

तू फोन केला नाहीस. की केलास आणि अजितनं ऐकलं नाही? दुसरं असेल तर कळव, मला तेवढंच बरं वाटेल.

एका हातानं लिहितेय, चुका झाल्या तर चालवून घे. कॅरेटची कड लागली जरा.

कार्यक्रम तू स्क्रीनवरनं बघितलास, म्हणजे स्क्रीननं दाखवला तेवढा बघितलास. राहिलेला मी सांगते.

सात तारखेला जेसीबी ओघळीपाशी पोचला. मी नव्हते, मी रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरत होते. झुंबरतात्या मेंढरं घेऊन तिथंच होते, त्यांनी सांगितलं. तुला आठवत असतील, खांद्यावर घोंगडी, एका कानात भिकबाळी. म्हणाले, "बकेट मारलं तशी कड बसली. आतनं च्यांव च्यांव ऐकू आलं. पोरं उतरली, हात घालून एकेक वडून काढलं. लांडगीण वरच्या टेकाडावर उभी होती, तिला दगडं मारली." पुढं असंही म्हणाले, "मला काय वाईट वाटलं न्हाय बग. माझी सात कोकरं खाल्ली तिनं औंदा." तात्या खोटं बोलत नाहीत. त्यांना आनंद झाला होता, त्यांनी तो लपवला नाही. तुमच्या त्या प्रतिष्ठानापेक्षा मला तात्या परवडले.

हे मला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळलं. मी वनरक्षक निकिताला फोन लावला. तरणी पोरगी आहे, मोटारसायकलवर सगळा भाग फिरते. ती म्हणाली, मॅडम, पिल्लं उचलणं गुन्हा आहे, मी येते, पण ती कुठं ठेवलीत ते आधी कळलं पाहिजे. अजितला विचारलं तर म्हणाला, कसली पिल्लं?

दहा तारखेला मंडप. खुर्च्यांना पांढरी कापडं. फेटे. आईचा फोटो एवढा मोठा की तिच्या नाकातल्या मोरणीचा डाग दिसावा. तो फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे, शेजारच्या बाईचा अर्धा खांदा त्यात राहिलाय. मग स्क्रीनवर तू. मागं बर्फ. सूट. "आई म्हणजे निसर्ग," म्हणालास. आईला तू निसर्ग म्हणालेलं कळलं असतं तर तिनं विचारलं असतं, म्हंजी रं काय?

नंतर अजितनं माइक घेतला. "आता एक भावनिक क्षण," असं म्हणाला, आणि टेबलाखालनं टोमॅटोचं कॅरेट वर घेतलं.

ऋषी, त्यात ती चार पिल्लं होती. गळ्यात सॅटिनच्या हिरव्या रिबिनी. खाली स्टीलची ताटली, त्यात आंबलेलं दूध, आणि त्याच दुधात त्यांनी हगून ठेवलेलं. लाऊडस्पीकरच्या आवाजानं तिघं एकमेकांच्या पोटाखाली घुसत होती. चौथं घुसतही नव्हतं.

"माळावर काम करताना आमच्या कार्यकर्त्यांना ही अनाथ पिल्लं सापडली," अजित म्हणाला. "त्यांना आम्ही जीवदान दिलं. आणि यातल्या या गोंडस मादीचं नाव आम्ही ठेवतोय, बना!"

टाळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ऋषी. बीळ फोडणाऱ्या पोरांना शाल आणि नारळ दिला. "प्राणिमित्र" म्हणून. स्क्रीनवर तूसुद्धा टाळ्या वाजवत होतास, जरा उशिरानं, नेटवर्कमुळं. तोंडात थुंकी साचली माझ्या. मी उठून मंडपाच्या मागं जाऊन थुंकले, आणि परत येऊन थेट स्टेजवर चढले.

तुमचं प्रक्षेपण तेवढ्यात बंद पडलं म्हणे. बरोबर. बंद पाडलं.

मी कॅरेट धरलं. अजितनं दुसरी कड धरली. तोंडावर हसू तसंच, फोटोसाठी, आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "अक्का, तमाशा नको. आईचा कार्यक्रम हाय."

मी माइकच्या समोरच होते. म्हटलं, "ह्यांची आई जिवंत हाय. टेकाडावर उभी हाय. तिला तुमीच दगडं मारली."

कोण काय बोललं ते मला नंतर आठवत नाही. निकिता आली होती, खाकीत. तिनं मोठ्यानं कायद्याचं कलम सांगितलं, तसे शालवाले पुढनं मागं सरकले. पिल्लं आमच्या ताब्यात आली. गळ्यातल्या रिबिनी मी तिथंच काढल्या. एकीची गाठ निघेना, दातानं तोडली.

त्या गाठीचा वास अजून जात नाही.

सुकन्या


१७ मार्च २०२४

ऋषी,

तू श्रेयाला मेसेज केलास. "तुझ्या आईला सांग, राजकारण करू नकोस." मला सांगायचं ते माझ्या पोरीकरवी सांगतोस. ती एकोणीस वर्षांची आहे, तिनं तुला काय उत्तर दिलं ते मी वाचलं, आणि तिला रागावले नाही.

तिनं तुला हेही कळवलं की मला कॅरेटची कड लागलेली नाही, पिल्लू चावलंय. बरं, चावलं. स्टेजवर ओढाताण झाली तेव्हा हात आत गेला. सुईसारखे दात असतात. इंदापूरला सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं चालू आहेत. तिथली नर्स म्हणाली, कुत्रं का? मी म्हटलं, लांडगा. ती दोन पावलं मागं सरली. या सगळ्यात तेवढंच एक हसण्यासारखं झालं.

पिल्लांचं काय झालं, हे तू श्रेयालाही विचारलं नाहीस.

जे आधीच निपचित होतं ते त्याच संध्याकाळी गेलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गाईचं दूध सोसत नाही, त्यात तीन दिवस कॅरेटमध्ये, भर उन्हात. राहिली तिघं. निकितानं वरिष्ठांना विचारून ठरवलं की आईकडंच परत द्यायची. बीळ तर उरलं नव्हतं. पण लांडगीण रोज तिथं येतेय, हे पावलांवरनं दिसत होतं. उकरलेल्या मातीवर ती किती वेळा फिरली असेल, माती पार घट्ट झाली होती.

बारा तारखेला, दिवस मावळायच्या आत आम्ही ओघळीत गेलो. मातीच्या ढिगाच्या आडोशाला सावली होती, तिथं गवत पसरलं, त्यावर तिघांना ठेवलं. कॅरेट ठेवलं नाही. निकिता म्हणाली, माणसाचा वास आधीच फार झालाय. मग आम्ही लांब, रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो आणि अंधार पडायला घरी गेलो.

सकाळी उजाडल्यावर परत गेलो. दोन नव्हती. मोठ्या पावलांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. निकिता मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, लहान पोरीसारखी.

तिसरं तिथंच होतं. मेलेलं, मुंग्या लागलेलं. गळ्याभोवती केस दबून पडलेली रेघ, रिबिनीची. ती मादी. जिला तुझ्या दोस्तानं आईचं नाव दिलं होतं.

मी तिला ओघळीतच पुरलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. श्रेयालाही नाही. तिला सांगितलं तिन्ही गेली.

तुझ्या प्रतिष्ठानाच्या पेजवर काल पोस्ट आहे. "पिल्लांची आईशी भेट, आमच्या प्रयत्नांना यश." खाली हृदयांची रांग. त्यात तुझंही एक आहे.

सुकन्या


२९ मे २०२४

ऋषी,

अडीच महिने लिहिलं नाही. दोन कारणं होती. रोपवाटिकेला पाणी नव्हतं, आणि तुझं नाव टाइप करायला बोट उचलेना. आज लिहितेय कारण आज मी जे बघितलं ते एकटीनं पोटात ठेवणं होत नाही.

तुझं वन असं आहे. टँकर दोन आठवडे आला, नंतर बंद. झाडं एप्रिलमध्येच वाळली. वाळलेल्या काड्यांना हिरवी जाळी गुंडाळलेली आहे, त्यामुळं लांबून, ड्रोनमधून, अजून हिरवं दिसत असेल. गवताची मुळं उकरल्यामुळं खड्ड्यांच्या मधली जमीन उघडी पडलीय, वारा सुटला की लाल धूळ उठते. आईच्या वेळी या दिवसांतसुद्धा तिथं पिवळं गवत उभं असायचं, गुडघ्याएवढं. त्यात चंडोल अंडी घालायचे. टिटव्या आपल्या डोक्यावर यायच्या. आता खड्डे आहेत. नुसते खड्डे, ओळीनं.

आणि खड्डा दिसला की माणूस काय करतो? भरतो. आपल्या भागात कोंबड्यांच्या शेड किती झाल्यात तुला ठाऊक नसेल. उन्हानं कोंबड्या मेल्या की गोण्या भरून रातोरात आणून टाकतात, तुझ्या खड्ड्यांत. कुणाच्या, ते कळत नाही, गोणीवर नाव नसतं. मी आज गेले तर पहिल्या ओळीचे बरेचसे खड्डे भरलेले. पिसं, पिवळं पाणी, किडे. किडे इतके की गोणी आपोआप हलतेय असं वाटतं. "कै. बनाबाई स्मृतिवन" या कमानीखालनं आत शिरलं की पहिला तो वास.

त्या वासाला कुत्री आलीत. गावची नाहीत, कुठली कुठली. वीस-पंचवीसचा कळप झालाय. आधी कोंबड्या खाल्ल्या, आता जिवंत काय मिळेल ते.

सकाळी निकिताचा फोन आला, म्हणून गेले. तुमच्या तारेच्या कुंपणात चिंकारा अडकली होती. मादी, पोटुशी. माळावर हरणं कुत्र्यांच्या पुढं पळतात आणि सुटतात, जन्मभर तेच करतात. पण पळायला माळ मोकळा पाहिजे. हिच्या वाटेत तार आली. मागचे पाय तारेत, पुढचे पलीकडं. कुत्र्यांनी मागनं खायला सुरुवात केली होती आणि ती अजून मान वर करत होती. निकितानं काठीनं कुत्री हाकलली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. फार वेळ लागला नाही. मी सांगणार नाही आत काय होतं. निकितानं पंचनामा लिहिला.

मग माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, झाडं लावणाऱ्याला कोण वाईट म्हणणार?"

याचं उत्तर तुला येतं का?

झुंबरतात्यांची कोकरं परवा पुन्हा गेली, एका सकाळी पाच. तात्यांचं म्हणणं लांडगं. मी ठसे बघितले, कुत्र्यांचेच होते, पण तात्या मानेनात. माळेगावला कुणाकडं तरी विषाची पुडी मिळते, असं पारावर चाललं होतं. मी तात्यांच्या घरी गेले. म्हटलं, "विष टाकलंत तर तुमचं कुत्रं आधी मरंल." ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "लांडगं मेलं तर मी पेढं वाटीन, पोरी. पर इख टाकणार न्हाय. माझी मेंढरं तितलंच पाणी पित्यात." मग विचारलं, "ती तार कोण काढणार? माझं चराण गेलं त्याचं काय?"

तार तुझी आहे. तू सांग कोण काढणार.

सुकन्या


१७ ऑगस्ट २०२४

ऋषी,

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा झाली. अजित तुला त्याच्या बाजूनं सांगेलच.

विषय होता स्मृतिवनाचा दुसरा टप्पा. माळाची उरलेली निम्मी बाजू. पावसानं त्या बाजूला पवना गवत आलंय, पोटरीपर्यंत, आणि नेमकं तिथंच तुम्हाला वन पाहिजे. अजितनं प्रोजेक्टर आणला होता. पडद्यावर घनदाट झाडी दाखवली. शेवटच्या बाकावरनं श्रेया ओरडली, "हे तर कोकणातलं आहे!" लोक हसले. अजितही हसला, त्याचं काय जातंय.

मी बोलले, पण माझ्या बोलण्यानं काही झालं नाही, हे कबूल करते. मी चिंकाराचं बोलले, पिल्लांचं बोलले. माणसं ऐकत होती, जशी कीर्तनात ऐकतात. कुणीतरी मागनं म्हणालं, "अक्काचं लांडग्यावर लई प्रेम." पुन्हा हशा.

मग गोजरबाई उभी राहिली. दोन म्हशींची गोजरबाई, आईबरोबर गवताला जायची ती. तिला ग्रामसभेत बोलताना कुणी कधी ऐकलेलं नाही. पदर कंबरेला खोचला आणि थेट अजितला विचारलं, "म्हशीला काय घालू?"

अजित म्हणाला, "मावशी, पर्यावरणाचा विषय हाय."

"व्हय की. पर म्हशीला काय घालू? तुमचा गुलमोर खाती का ती? गेल्या साली त्या अंगाला मी भारा भारा गवात आणलं. औंदा तितं मेल्याली कोंबडी हाय. ह्या अंगाला बी तसंच करणार असाल तर आत्ताच सांगा, म्हस बाजारात न्हेती."

बायकांच्या बाजूनं एकदम आवाज उठला. प्रत्येकीचं काहीतरी होतं. वास घरापर्यंत येतो. कुत्र्यांच्या भीतीनं पोरी शाळेला जाताना लांबच्या रस्त्यानं जातात. झुंबरतात्या काठी टेकत उठले. "लांडगं ठिवा का मारा, मला त्याचं काय न्हाय. गवात माझं हाय. त्ये आमच्या बापजाद्यापासनं हाय. तार काढा."

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. दुसरा टप्पा नामंजूर. तार काढायची. खड्डे बुजवायचे. कमानीवरचं नाव उतरवायचं.

शेवटच्या मुद्द्यावर अजित माझ्याकडं वळला. या वेळी हसत नव्हता. "तुमच्याच आईचं नाव पुसताय, अक्का. लाज वाटत न्हाय?"

मी म्हटलं, "वाटती. पाच महिने वाटत होती. आज नाव खाली उतरल्यावर जाईल."

काल तार निघाली. तात्यांच्या मेंढरांनी ज्या घाईनं आत मुसंडी मारली ती बघण्यासारखी होती. खड्डे बुजवायला वेळ लागेल, आणि उकरलेल्या जागी पवना परत कधी येईल, येईल का, हे मला माहीत नाही. निकिता म्हणते, काही वर्षं सोडून दिलं तर येईल. लांडगे दिसलेले नाहीत. ती दोन पिल्लं जगली की नाही, तेही नाही कळलं. तिकडं पलीकडं, लोणी देवकरच्या बाजूला, कुणाला तरी तीन दिसले म्हणे, दोन लहान. ती तीच आहेत असं मी म्हणणार नाही. तुमच्या पेजसारखं मला करायचं नाही.

कमान उतरवली तेव्हा मी तिथं होते. आईच्या फोटोचा पत्रा पोरांनी भंगारात टाकायला घेतला, मी मागून घेतला. ठेवला नाही. फोटो खरवडून काढला आणि पत्रा गोजरबाईला दिला, तिच्या गोठ्याला भोक पडलं होतं.

सुकन्या


८ सप्टेंबर २०२४

ऋषी,

तर तू लिहिलंस. सहा महिन्यांत तीन ओळी. "अक्का, आईचं नाव मोठं झालेलं तुला बघवलं नाही. पिंपळीच्या पलीकडं माळ मिळालाय, तिथली माणसं समजूतदार आहेत. कृपा करून तिथं येऊ नकोस."

वाचून पहिल्यांदा काय झालं ते सांगते. हात धुतले. दोनदा. मोबाईलला हात लावला होता म्हणून.

मला वाटत होतं, तुला कुणी सांगितलं नाही म्हणून कळत नाही. लांब आहे, पडद्यावर हिरवं दिसतं, त्याचा काय दोष. म्हणून मी लिहीत बसले. चिंकारा लिहिली, पिल्लू लिहिलं, जे पोरीलाही सांगितलं नाही ते तुला लिहिलं. तू ते सगळं वाचलंस. वाचून तू दुसरा माळ शोधलास.

आईच्या दहाव्याला तू मला म्हणाला होतास, मी येऊ शकलो नाही, ते मला आयुष्यभर खाईल. खाऊ दे, ऋषी. माणसाला खातं ते बरं असतं. पण तू त्याला दुसऱ्याच्या जमिनीवर चारायला सोडलंस.

मी काल पिंपळीला गेले. एसटीनं बारामती, तिथनं रिक्षा, मग चालत. तू जागा बघितली आहेस का? की तीही ड्रोननं? आपल्यापेक्षा चांगला माळ आहे. कुसळी अजून ओली आहे, चालताना पायाला टोचत नाही, घासते फक्त. एक धाविक पक्षी माझ्यापुढं पळत होता, थांबायचा, मान उंच करायचा, पुन्हा पळायचा, उडायला काही तयार होईना. खडकाजवळ लांडग्याची विष्ठा होती, वाळलेली, केसांनी भरलेली. म्हणजे तिथंही कुणीतरी राहतं. तिथंही ओघळ आहे.

आणि एका चरीच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारलेल्या आहेत. ताज्या.

गवत कापत एक बाई होती, साठीची असेल. कुशाबाई. मला बघून तिनं विळा खाली ठेवला.

"तुमी झाडवाल्या का?"

"न्हाय," मी म्हटलं. "झाडवाल्याची बहीण."

तिनं मला नखशिखांत बघितलं. "मग बसा."

बसले. तिच्या घागरीतलं पाणी प्याले आणि सगळं सांगितलं, पहिल्या जेसीबीपासनं. ती गुलमोहराचं सांगितलं तेव्हा हसली, कोंबड्यांचं सांगितलं तेव्हा नाकाला पदर लावला, जसा काही वास तिथवर आलाय. संपल्यावर म्हणाली, "आमाला त्ये कागदावर लई ग्वाड सांगून गेल्यात. बायकास्नी साड्या बी देणार हायती." मग विळा पुन्हा उचलत, "दोन ऑक्टोबरला आमची ग्रामसभा अस्ती. ह्येच समदं तितं सांगशीला?"

मला तिथं मत नाही. हात वर करता येणार नाही. पण उभं राहून बोलायला कोण अडवतं? गोजरबाईला विचारलं, ती येतेय. मेंढरांची सोय झाली की झुंबरतात्याही येतो म्हणाले, लांडग्यांसाठी नाही, असं दोनदा बजावून.

येऊ नकोस म्हणालास. मी येणार आहे. आणि त्याच्या पुढं तू जिथं माळ बघशील तिथंही.

आशीर्वाद शेवटी बघीन म्हटलं होतं. बघितले. उरलेले नाहीत.

सुकन्या